परगावचे बिऱ्हाड आणि त्याचे मोल

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी माणसाचे घर बहुधा त्याच्या जन्मगावीच असे आणि ते उभारण्याची दगदग त्यास आयुष्यात एकदाच सोसावी लागे. आज या म्हणीस तिसरे एक कलम जोडणे प्राप्त झाले आहे, ते परगावी बिऱ्हाड करून पाहण्याचे. धाराशिव जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर हे तिसरे कलम पहिल्या दोहोंपेक्षाही अधिक घरांना लागू पडेल. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परांडा अशा आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 16 लाख 57 हजारांवर भरली. शेती बव्हंशी पावसाच्या भरवशाची, कारखानदारी बेताची. देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांना हात देण्यासाठी केंद्र सरकारने 2018 साली जी ‘आकांक्षित जिल्ह्यां’ची यादी केली, तीत या जिल्ह्याचे नाव होते. अशा मुलखातील तरुण शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुणे, मुंबई, सोलापूर किंवा हैदराबाद गाठतो यात नवल नाही. त्यास शहरात उतरताच पहिला प्रश्न पडतो तो नोकरीचाही नसतो आणि अभ्यासाचाही नसतो. रात्री पाठ कोठे टेकावयाची, हा असतो. या प्रश्नाचे उत्तर किती रुपयांस मिळते, आणि ते रुपये येतात कोठून, याचा विचार प्रस्तुत भाषणात करावयाचा आहे.

प्रथम घरभाडे म्हणजे काय हे नीट समजून घेणे इष्ट होय. सामान्य समज असा की, घर बांधण्यास जो खर्च आला त्याचे व्याज म्हणजे भाडे. ही समजूत अर्धीच खरी आहे. सिमेंट, लोखंड व विटा यांचे दर परांड्यात आणि पुण्यात फारसे निराळे नसतात. गवंड्याच्या मजुरीत थोडाफार फरक असेल. तरीही दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशी एकच खोली परांड्यात ज्या पैशांत मिळते त्याच्या कितीतरी पट पैसे पुण्यात मोजावे लागतात. हा जादा पैसा भिंतींचा नव्हे. तो त्या खोलीपासून कामाचे ठिकाण, महाविद्यालय, दवाखाना, रेल्वेचे स्थानक ही किती जवळ आहेत याचा आहे. सरकारलाही हा भेद मान्य आहे. केंद्रीय नोकरांना मिळणाऱ्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग पाडलेले असून, 2024 च्या जानेवारीपासून मुंबई, पुणे, हैदराबाद अशा पहिल्या वर्गाच्या शहरांत मूळ वेतनाच्या शेकडा 30, दुसऱ्या वर्गात शेकडा 20 आणि उरलेल्या सर्व गावांत शेकडा 10 असे प्रमाण ठरले. म्हणजे एकाच हुद्द्याचा, एकाच वेतनाचा मनुष्य धाराशिवहून पुण्यास बदलून गेला, तर राहण्याचा खर्च तिपटीने वाढेल असे सरकारने गृहीत धरले आहे. ज्यास सरकारी नोकरी आहे त्याची ही भर सरकार काढते. जो अद्याप नोकरीच्या शोधात आहे त्याची भर त्याच्या बापाच्या शेताने काढावयाची असते.

शहरात जागा दुर्मिळ का झाली, याचा इतिहास मुंबईच्या उदाहरणावरून चांगला कळतो. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा गिरणगावातील कोंदट चाळींकडे सरकारचे लक्ष गेले आणि 1898 साली शहर सुधारणेसाठी एक स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते पाडले, हवा खेळती केली. परंतु त्यासाठी जी घरे पाडली त्यांतील गरिबांना तितक्याच भाड्याची नवी जागा मिळेना. पुढे पहिले महायुद्ध आले. युद्धाच्या काळात बांधकाम थंडावते, कारखान्यांत मजूर वाढतात, आणि घरमालकास आयती संधी मिळते. स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी 1915 साली मेरी बार्बर नावाच्या बाईंच्या पुढाकाराने गृहिणींनी वाढीव भाडे देण्याचे साफ नाकारले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटास भाडेवाढीवर बंधन घालणारा कायदा करावा लागला. मुंबईतही युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा 1918 साली झाला. भाड्यावर सरकारने हात ठेवण्याची प्रथा आपल्याकडे येथून सुरू होते.

युद्ध संपल्यावर 1920 साली मुंबई सरकारने विकास खाते काढून वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मजुरांसाठी सिमेंटच्या 207 चाळी बांधल्या. त्याच आजही बी. डी. डी. चाळी म्हणून ओळखल्या जातात. त्यांतील खोली 160 चौरस फुटांची. इतकी टंचाई असताना या खोल्यांवर लोकांची झुंबड उडाली असेल असे कोणासही वाटेल. परंतु प्रारंभीची कित्येक वर्षे त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्याच होत्या. गिरणीपासून अंतर दूर, आणि भाडे मजुराच्या मिळकतीस न झेपणारे, ही त्याची कारणे होती. यातून निघणारा बोध आजही तितकाच खरा आहे. कामापासून दूर असलेले स्वस्त घर हे स्वस्त नसते. भाड्यात जे वाचते ते प्रवासात आणि झोपमोडीत जाते. पुण्याच्या बाहेर दूरवर खोली घेऊन दररोज दोन बसगाड्या बदलत महाविद्यालय गाठणाऱ्या उमरग्याच्या विद्यार्थ्यास हा सिद्धांत कोणी समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हीच कथा पुन्हा घडली, आणि 1947 साली मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा जो व्यापक कायदा झाला त्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे चालू होते तेच सामान्यतः ‘प्रमाणभूत भाडे’ म्हणून कायम केले. हेतू अत्यंत स्तुत्य होता. युद्ध आणि फाळणी यांनी विस्कटलेल्या काळात कोणाचे बिऱ्हाड रस्त्यावर फेकले जाऊ नये, हा तो हेतू. परंतु तात्पुरता म्हणून केलेला बांध पुढे अर्धशतक तसाच राहिला. धान्याचे, कापडाचे, मजुरीचे भाव कितीतरी पटींनी वाढले आणि भाडे मात्र 1940 च्या आकड्याशी जखडून राहिले. परिणामी मालकाने दुरुस्ती सोडली. जुन्या इमारती ढासळू लागल्या. त्यांची डागडुजी करण्यासाठी 1969 साली कायद्याने एक मंडळ नेमून भाडेकऱ्यांकडून उपकर घेण्याची वेळ आली. भाडे वाढविता येत नाही म्हणून जागा देताना एकदाच मोठी रक्कम घेण्याची ‘पागडी’ची पद्धत बोकाळली. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे परवान्यावर राहत होते त्यांसही कायद्याने भाडेकऱ्याचे संरक्षण दिले, तेव्हा मालकाच्या मनात कायमची धास्ती बसली की, एकदा आत घेतलेला मनुष्य बाहेर निघत नाही. अखेरीस 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभूत भाड्याची ही गोठविलेली पद्धत काळाच्या ओघात अन्यायकारक ठरल्याचा निर्वाळा दिला.

या सर्व इतिहासात धाराशिवच्या माणसाचे स्थान कोठे, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर खेदजनक आहे. जुन्या कायद्याने जो आत होता त्याचे रक्षण केले, परंतु जो दारात उभा होता त्याच्यासाठी दार अधिकच घट्ट लावून घेतले. 1972 च्या भीषण दुष्काळानंतर मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी मुंबई-पुण्याची वाट धरली, तेव्हा नियंत्रित भाड्याच्या चाळी पूर्वी आलेल्यांनी भरून गेलेल्या होत्या. कोकणातील वा घाटावरील मजुरास मुंबईत त्याच्या गावकीची खोली तरी होती. एकाच खोलीत पाळीपाळीने वीस-पंचवीस गावकरी निजत, ट्रंका भिंतीशी रचून ठेवीत आणि खानावळीत जेवत. मराठवाड्याचा मनुष्य उशिरा आला. पागडीस पैसा नाही, गावकीची खोली नाही, म्हणून त्यातील कित्येकांस झोपडपट्टीचा आसरा घ्यावा लागला. आणि तेथेही जागा फुकट नसते, झोपडीचेही भाडे द्यावेच लागते.

मराठवाडा उशिरा का आला, याचेही कारण आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्याचे ‘मोठे शहर’ म्हणजे हैदराबाद. तेथे 1908 साली मुसी नदीच्या महापुराने हजारो घरे वाहून नेल्यावर 1912 साली नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले व त्याने वस्त्यांची पुनर्रचना केली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि मराठवाड्यातील मुले तेथे शिकावयास जाऊ लागली. 1938 साली वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल त्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले, आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या हाती असले म्हणजे त्या छपराखाली काय बोलावयाचे हेही तोच ठरवू पाहतो, हा धडा त्या पिढीस चांगलाच मिळाला. त्याआधी 1921 साली आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक होते. मुलांनी दूरच्या शहरी न जाता शिक्षणच खेड्यात यावे, ही कल्पना या जिल्ह्यात इतकी जुनी आहे.

1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. परंतु भाड्याच्या बाबतीत त्यास हैदराबादचा 1954 चा निराळा कायदा लागू राहिला. मुंबईचा कायदा एक, मराठवाड्याचा दुसरा आणि विदर्भाचा तिसरा, असा प्रकार शतकाच्या अखेरपर्यंत चालला. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने हे तिन्ही रद्द करून 31 मार्च 2000 पासून राज्यभर एकच कायदा केला. म्हणजे कळंबच्या घरमालकास आणि पुण्याच्या घरमालकास आज लागू असलेला कायदा एकच आहे. तो कळंबचा विद्यार्थी पुण्यास जाण्यापूर्वी वाचील तर बरे, कारण त्यातील दोन-तीन गोष्टी त्याच्या अगदी उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट कराराची. भाडेपट्टा असो वा ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे परवान्यावर राहण्याचा करार असो, तो लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे, असे कायद्याचे 55 वे कलम सांगते. नोंदणी नसेल आणि तंटा निर्माण झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी भाडेकऱ्याचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. करार अकरा महिन्यांचाच का करतात, याचे कुतूहल पुष्कळांस असते. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यास नोंदणी सक्तीची होती. ती चुकविण्यासाठी एक महिना कमी करण्याची युक्ती निघाली. महाराष्ट्रात मात्र मुदत कितीही लहान असली तरी नोंदणी आवश्यक असल्यामुळे या युक्तीत आता काही हशील उरलेले नाही. केवळ सवय उरली आहे. दुसरी गोष्ट मुदतीची. परवान्याची मुदत संपल्यावर जो जागा सोडीत नाही त्याजकडून दुप्पट दराने भरपाई घेण्याची तरतूद कायद्यात आहे. यास्तव तारीख विसरणे महागात पडते. तिसरी गोष्ट पावतीची. दिलेल्या भाड्याची पावती मागणे हा भाडेकऱ्याचा हक्क आहे, आणि पाणी वा वीज तोडून त्यास हुसकावून लावणे मालकास कायद्याने मना आहे.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. समजा, तुळजापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याची मुलगी व मुलगा ही दोघे पुण्यास शिकावयास गेली आणि त्यांनी महिना 12,000 रुपये भाड्याच्या दोन लहान खोल्या पाहिल्या. मालक दोन महिन्यांची अनामत मागतो, ती 24,000. दलाल एका महिन्याची दलाली घेतो, ती 12,000. पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ, ते 12,000. म्हणजे एक पातेले वा एक गादी विकत घेण्यापूर्वी 48,000 रुपये मोजावे लागले. कराराच्या नोंदणीचा खर्च त्यामानाने क्षुल्लक आहे. एकूण भाड्यावर, त्यात अनामतीच्या शेकडा 10 व्याजाची भर घालून, शेकडा पाव टक्का मुद्रांक शुल्क आकारले जाते. अकरा महिन्यांचे ते सुमारे साडेतीनशे रुपये होते आणि शहरी नोंदणीची फी 1,000 रुपये. तेवढ्यासाठी नोंदणी टाळणारा मनुष्य 24,000 रुपयांची अनामत वाऱ्यावर सोडीत असतो.

हे 48,000 रुपये सोयाबीनमध्ये मोजून पाहावे. 2024-25 च्या हंगामासाठी सोयाबीनचा किमान आधारभूत भाव क्विंटलास 4,892 रुपये होता, आणि त्या हंगामात बाजारात त्याहून कमी भावाने माल विकावा लागल्याची शेतकऱ्यांची तक्रार सर्वश्रुत आहे. आधारभूत भावच मिळाला असे धरले तरी 48,000 रुपयांस सुमारे पावणेदहा क्विंटल सोयाबीन लागते. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटलांचा उतारा धरला, तर जवळजवळ दोन एकरांचे सारे पीक पुण्यातील दार उघडण्यातच संपले. बी, खत, फवारणी, काढणी आणि मळणी यांचा खर्च यात धरलेलाच नाही. पुढे वर्षाचे भाडे 1,44,000 रुपये निराळेच. ज्याच्या सात-बारावर चार-पाच एकर आहेत त्याने हा आकडा पाहून काय करावे? तो एक तर सावकाराकडे जातो, एक तर जनावर विकतो, नाही तर दोघांपैकी एकास घरी ठेवतो.

या ‘एकास’ शब्दापाशी क्षणभर थांबणे अवश्य आहे. घरी राहणारे ते एक बहुधा मुलगी असते. मुलगा चार मित्रांसह दाटीवाटीने राहील, व्हरांड्यात निजेल, अशी सोय कुटुंब मनाने करून घेते. मुलीसाठी सुरक्षित जागा, स्वतंत्र स्नानगृह, ओळखीचा शेजार पाहावा लागतो, आणि या प्रत्येक गोष्टीस शहरात दाम पडतो. म्हणून भाडे वाढले की त्याचा पहिला फटका तिच्या शिक्षणास बसतो. बारावीला चांगले गुण मिळविलेली मुलगी तालुक्याच्या गावीच पदवी घेते आणि तिच्याहून कमी गुणांचा भाऊ पुण्यास जातो. या घटनेची नोंद कोठल्याही भाडेपत्रात होत नाही.

जो जातो त्याची स्थिती कशी असते? पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी या पेठांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मराठवाड्यातील मुलांची मोठी वस्ती आहे. तेथे ‘कॉट बेसिस’ नावाची पद्धत रूढ आहे. खोली भाड्याने मिळत नाही. खोलीतील एक खाट मिळते. खाट, तिच्याखालील ट्रंकेची जागा आणि भिंतीवरील एक खिळा इतकेच त्या विद्यार्थ्याचे राज्य. अभ्यास करावयाचा तो पैसे भरून अभ्यासिकेत, जेवावयाचे ते डब्यावर वा खानावळीत. गिरणगावातील गावकीच्या खोलीचेच हे नवे रूप म्हणता येईल; भेद इतकाच की, तेथे खोली गावाची होती आणि येथे ती मालकाची आहे. या व्यवहाराचे गणित पाहण्यासारखे आहे. समजा, 120 चौरस फुटांच्या खोलीत चार खाटा आहेत व प्रत्येकीचे महिना 2,500 रुपये आकारले जातात. खोलीचे उत्पन्न झाले 10,000. म्हणजे चौरस फुटास 83 रुपये. त्याच भागात 500 चौरस फुटांची सदनिका 20,000 रुपयांस गेली, तर चौरस फुटास पडले 40 रुपये. तात्पर्य, जो सर्वांत कमी रुपये देतो तोच सर्वांत चढा दर देतो. किरकोळीत घेणाऱ्यास मीठ-मिरची महाग पडते हा वाण्याच्या दुकानातील नियम जागेलाही लागू आहे.

सरकारने या मुलांकडे अगदीच पाठ फिरविली आहे असे म्हणता येणार नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 साली ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ सुरू झाली, आणि आदिवासी, मराठा व इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीही अशाच स्वरूपाच्या योजना निघाल्या. स्वाधार योजनेत पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले; त्यांत भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000. निवासाचे 20,000 बारांनी भागिले असता महिन्यास 1,667 रुपये येतात. वर गृहीत धरलेल्या एका खाटेसही ते पुरत नाहीत. शिवाय अनुदानाचा हप्ता आणि भाड्याची तारीख यांची गाठ नेहमीच पडते असे नाही, आणि घरमालक सरकारी आदेशाची वाट पाहत थांबत नाही.

पैसा असूनही जागा न मिळण्याचे प्रसंग येतात, तेही सांगितले पाहिजेत. आडनाव विचारून, आहार विचारून, धर्म विचारून, ‘एकटी मुलगी आहे’ किंवा ‘लग्न झालेले नाही’ असे म्हणून दारातूनच परत पाठविण्याचे प्रकार आपल्या शहरांत नवे नाहीत. नकाराचे खरे कारण क्वचितच उच्चारले जाते. ‘जागा कालच गेली’ एवढेच उत्तर मिळते. अशा माणसास मग जी थोडी दारे उघडी असतात तेथे मागतील तो आकडा द्यावा लागतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत यास काय म्हणतात ते असो. व्यवहारात हा जातीचा आणि लिंगभेदाचा कर आहे.

न्यायाने पाहावयाचे तर मालकाचीही बाजू ऐकून घेतली पाहिजे. प्रत्येक घरमालक धनाढ्य नसतो. निवृत्तीनंतर वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या भाड्यावर औषधपाणी भागविणारी वृद्ध दांपत्ये पुण्यात थोडी नाहीत. जुन्या कायद्याची धास्ती त्यांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. त्यामुळे पुष्कळजण घर कुलूप लावून ठेवणे पत्करतात. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने दाखविले की, 2011 च्या जनगणनेनुसार एकट्या मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी होती. आणि शहरी भारतात भाड्याच्या घरांचे प्रमाण 1961 साली शेकडा 54 होते ते 2011 पर्यंत शेकडा 28 वर उतरले. एका बाजूस कुलपे आणि दुसऱ्या बाजूस खाटेसाठी रांग, हे दृश्य शोचनीय खरे. परंतु ते केवळ लोभाने निर्माण झाले नाही, परस्परांवरील अविश्वासानेही झाले आहे. नोंदलेला करार हा हा अविश्वास दूर करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

भाड्याचे घर किती ठिसूळ असते याचा प्रत्यय 2020 साली आला. टाळेबंदीत मिळकत बंद पडली. केंद्र सरकारने मार्चच्या अखेरीस मजुरांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये असा आदेश काढला, आणि एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना घरमालकांना केली. परंतु पुढे ढकललेले भाडे माफ झालेले नसते. पुण्या-मुंबईहून लोक आपापल्या गावी परतले ते रोगाच्या भीतीने जितके, तितकेच डोक्यावर चढणाऱ्या भाड्याच्या भीतीने. आणि एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. ज्याचे गावात पडके का होईना पण स्वतःचे घर होते, त्यास जावयास जागा होती.

मग उपाय कोणता? भाडे कायद्याने दाबून धरण्याचा प्रयोग मुंबईने अर्धशतक केला, आणि त्याचे बरे-वाईट फळ वर सांगितले आहे. व्हिएन्ना शहराने निराळा मार्ग धरला. पहिल्या महायुद्धानंतर तेथील नगरपालिकेने घरांवर खास कर बसवून स्वतःच हजारो सदनिका बांधल्या व माफक भाड्याने दिल्या. 1930 साली पुरी झालेली कार्ल मार्क्स होफ ही प्रचंड वसाहत त्यांतीलच. महाराष्ट्रास यासाठी व्हिएन्नापर्यंत जाण्याचे कारण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली, कारण खेड्यातील मुलाचे शिक्षण शाळेच्या फीवर अडत नसून राहण्या-जेवण्यावर अडते हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी 1955 साली विद्यार्थी सहायक समिती स्थापन केली. ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींना अल्प खर्चात निवास व भोजन देण्याचे कार्य ती करीत आली आहे, आणि तेथे विद्यार्थी कामाचाही वाटा उचलतात. अशा एका वसतिगृहाने किती जणांची शेती गहाण पडण्यापासून वाचविली असेल, याचा अंदाज वरील सोयाबीनच्या हिशेबावरून करता येईल.

हे कार्य धाराशिव जिल्ह्याने आपल्या मुलांसाठी स्वतः हाती का घेऊ नये? जिल्ह्यात सहकारी संस्था आहेत, बाजार समित्या आहेत, देवस्थाने आहेत, पुण्या-मुंबईत स्थिरावलेले सधन रहिवासी आहेत. पुण्यात जिल्ह्याच्या मालकीची एक इमारत उभी राहिली, आणि तीत निम्म्या जागा मुलींसाठी राखून ठेवल्या, तर दरवर्षी दोन-तीनशे कुटुंबांचा दलाल, अनामत व आगाऊ भाडे यांचा फेरा चुकेल. त्याचबरोबर हिप्परग्याची जुनी कल्पनाही सोडून देण्याजोगी नाही. 2022 साली धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विद्यापीठाचे उपकेंद्र तेथे आहेच. तुळजापुरास टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार 1986 पासून असून तेथे परप्रांतांतील विद्यार्थी येऊन राहिले आहेत. शिक्षणाचे एकेक नवे दालन जिल्ह्यात उघडते, तेव्हा शहरातील तितक्या खाटांची मागणी कमी होते आणि गावातील खोल्यांना चार पैसे मिळतात.

तोवर ज्या घरातून मूल शहरास निघावयाचे आहे त्या घराने निदान इतके करावे. महाविद्यालयाच्या फीबरोबरच राहण्याचा वर्षाचा खर्च आधी कागदावर मांडावा. भाडे पाहताना प्रवासाचे भाडे त्यात मिळवून पाहावे. करार नोंदवून घ्यावा, प्रत आपल्याजवळ ठेवावी, अनामतीची रक्कम बँकेमार्फत द्यावी. शासकीय वसतिगृह, संस्थेचे वसतिगृह व निर्वाह भत्ता यांचे अर्ज मुदतीत करावेत. आणि हिशेब करून पैसा एकासच पुरेल असे दिसले, तर कोणास पाठवावयाचे हे ठरविताना मुलगा की मुलगी हा प्रश्न बाजूस ठेवून गुणपत्रके समोर ठेवावीत.